शांती करणारा माणूस : दीनबंधू सी. एफ. अँड्र्यूज

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशूने शांती करणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. हे वचन आपणां सर्वांच्या पाठाचे आहे. शब्बाथशाळेत ते आपण शिकलो, उपासनेत ऐकले, कित्येकांच्या घरी ते चौकटीत बसवून भिंतीवर लावलेले असते. परंतु त्यातील एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. ज्यांना शांती हवी आहे त्यांच्याविषयी प्रभू तेथे बोलत नाही. शांती तर कोणालाही हवीच असते. तो बोलतो ती करणाऱ्यांविषयी. करणे म्हटले की कष्ट आले, पदरचा खर्च आला, आणि पुष्कळ वेळा दोन्ही बाजूंचा रोषही आला.

हे करणे म्हणजे नेमके काय, याचा विचार आज एका चरित्राच्या आधारे करू. दक्षिण दिल्लीत अँड्र्यूज गंज नावाची एक मोठी वसाहत आहे. दररोज हजारो माणसे बसच्या पाटीवर ते नाव वाचतात. ज्यांच्या स्मरणार्थ ते दिले गेले, ते चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज याच दिल्लीत दहा वर्षे शिक्षक होते, आणि भारतीय जनतेने पुढे त्यांना दीनबंधू ही पदवी दिली. आपल्या मंडळ्यांतील तरुण पिढीला मात्र त्यांची ओळख फारशी उरलेली नाही.

घरातला पहिला धडा

चार्ल्सचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल या शहरी झाला. वडील एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे धर्मसेवक होते. पुढे हे कुटुंब बर्मिंगहॅमला राहावयास आले. मुले पुष्कळ, मिळकत बेताची. आईच्या नावे असलेल्या ठेवीवर घराला आधार होता. ती ठेव ज्या मित्राच्या हाती विश्वासाने सोपविली होती, त्याने सट्ट्यात ती सारी घालविली. एका दिवसात घर दरिद्री झाले.

त्या संध्याकाळी कुटुंब नेहमीप्रमाणे प्रार्थनेस बसले. लहानग्या चार्ल्सच्या मनात त्या मित्राविषयी संताप होता. वडिलांनी मात्र त्या दिवशी प्रार्थना केली ती त्याच मित्रासाठी. देवाने त्याला क्षमा करावी, त्याला सावरावे, अशी ती प्रार्थना होती. गेलेल्या पैशाविषयी त्यांनी तक्रारीचा शब्द काढला नाही. हा प्रसंग अँड्र्यूज यांच्या मनावर कायमचा कोरला गेला आणि उतारवयात लिहिलेल्या आत्मकथनात त्यांनी तो कृतज्ञतेने नोंदविला.

वाचकहो, क्षमेचा धडा व्यासपीठावरून शिकविता येतो. परंतु तो अंगी मुरतो तो घरात. आपल्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत ज्यांनी आपल्याला फसविले त्यांचे नाव घेतले जाते काय? मुले आपले शब्द विसरतील, त्या वेळचा आपला आवाज विसरणार नाहीत.

दिल्लीकडे

केंब्रिज विद्यापीठात चार्ल्स हुशार विद्यार्थी म्हणून नावाजले. शिक्षण संपल्यावर त्यांनी लंडनच्या वॉलवर्थ या गरीब वस्तीत सेवा केली आणि १८९७ मध्ये त्यांना अँग्लिकन मंडळीत धर्मगुरूची दीक्षा मिळाली. त्यांचा जिवलग मित्र बेझिल वेस्टकट दिल्लीस मिशनकार्यासाठी गेला होता. १९०० साली कॉलऱ्याने त्याचा दिल्लीतच अंत झाला. मित्राची रिकामी जागा आपण भरावी, ही ओढ अँड्र्यूज यांच्या मनात तेव्हापासून बळावली. २० मार्च १९०४ रोजी त्यांनी भारतभूमीवर पाऊल ठेवले. हा दिवस ते आपला दुसरा जन्मदिवस मानीत.

केंब्रिज मिशनने १८८१ मध्ये स्थापन केलेले सेंट स्टीफन्स कॉलेज त्या वेळी काश्मिरी गेटपाशी होते. तेथे अँड्र्यूज शिकवू लागले. सत्तावनच्या उठावाच्या आणि त्यानंतरच्या सूडसत्राच्या आठवणी त्या शहरात अजून जिवंत होत्या. राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यामध्ये संशयाची भिंत होती, आणि खेदाची गोष्ट ही की ती मंडळीच्या आवारातही उभी होती. गोरा मिशनरी आणि भारतीय सहकारी एकाच प्रभूभोजनाच्या मेजाशी येत. पण अधिकाराची खुर्ची गोऱ्यासाठीच राखलेली असे.

१९०६ मध्ये कॉलेजचे प्राचार्यपद रिकामे झाले. उपप्राचार्य सुशीलकुमार रुद्र हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ वीस वर्षे तेथे निष्ठेने काम करीत होते. तरीही एका भारतीयाच्या हाताखाली इंग्रज प्राध्यापकांनी काम करावे, ही कल्पना पुष्कळांच्या पचनी पडेना. अँड्र्यूज यांचे नाव पुढे आले. त्यांनी ते पद नाकारले, रुद्र यांचाच हक्क ठासून सांगितला आणि तसे न झाल्यास आपण राहणार नाही, हेही स्पष्ट केले. रुद्र प्राचार्य झाले. कॉलेजचे ते पहिले भारतीय प्राचार्य. अँड्र्यूज आनंदाने त्यांच्या हाताखाली काम करू लागले आणि दोघांचा स्नेह रुद्र यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९२५ पर्यंत, अखंड राहिला. याच रुद्र यांच्या घरी पुढे गांधीजी उतरत असत, आणि असहकाराच्या चळवळीचा आराखडाही त्याच छपराखाली आखला गेला.

येथे क्षणभर थांबा. समतेवर सुंदर भाषण करणे अँड्र्यूज यांना अवघड नव्हते. त्यांनी त्याऐवजी हाती आलेली खुर्ची सोडली. आपल्या मंडळीतील, संस्थेतील किती तंटे एका खुर्चीपायी वर्षानुवर्षे चिघळत राहतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. न्यायालयापर्यंत गेलेली भांडणेही तुम्ही पाहिली असतील. अशा ठिकाणी शांती करावयाची तर कोणीतरी एकाने उठून दुसऱ्याला जागा द्यावी लागते.

मुन्शी झकाउल्ला यांची मैत्री

दिल्लीत अँड्र्यूज यांना आणखी एक गुरू लाभला. मुन्शी झकाउल्ला हे जुन्या दिल्ली कॉलेजचे विद्यार्थी, गणिताचे अध्यापक आणि उर्दूतील थोर इतिहासकार. त्यांचे आवडते शिक्षक म्हणजे मास्टर रामचंद्र, जन्माने हिंदू आणि १८५२ साली बाप्तिस्मा घेतलेले नामांकित गणिती. अशा रीतीने हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती यांचा जिव्हाळा झकाउल्ला यांनी तरुणपणीच अनुभवला होता. सत्तावन साली आपले शहर उद्ध्वस्त झालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले. तरी त्यांच्या अंतःकरणात द्वेषाने घर केले नाही.

वृद्ध मुन्शीजींच्या घरी तरुण अँड्र्यूज वारंवार जाऊन बसत, जुन्या दिल्लीच्या कथा ऐकत, ईश्वराविषयी बोलत. १९१० मध्ये झकाउल्ला वारले. पुढे हिंदू-मुसलमानांत वैर वाढू लागले, तेव्हा अँड्र्यूज यांनी १९२९ मध्ये त्यांचे चरित्र पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. एकमेकांवर प्रेम करणारी माणसे या शहरात होऊन गेली आहेत, याची साक्ष त्यांना पुढच्या पिढीपुढे ठेवावयाची होती. धर्मांतील सलोखा हा मोठा शब्द आहे. अँड्र्यूज यांच्यासाठी त्याचा आरंभ एका म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या घरी नेमाने जाण्यात होता.

गोखल्यांची हाक

१९१३ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत गांधीजींचा सत्याग्रह ऐन भरात होता. तेथील भारतीयांसाठी निधी जमविण्याचे काम आपले गोपाळ कृष्ण गोखले करीत होते. अँड्र्यूज यांनी आपल्याजवळची सारी पुंजी त्या निधीत दिली. गोखल्यांच्या सांगण्यावरून ते मित्र विल्यम पिअर्सन यांच्यासह लगोलग निघाले आणि जानेवारी १९१४ च्या प्रारंभी डर्बनच्या बंदरात उतरले. धक्क्यावर जमलेल्या मंडळींत गांधीजी कोणते, हे त्यांनी विचारले आणि ओळख पटताच वाकून त्यांच्या पायांना हात लावला. राज्यकर्त्या वर्णाचा एक धर्मगुरू एका भारतीयाच्या पाया पडला, म्हणून तेथील गोऱ्या समाजात मोठा गहजब झाला.

त्याच काळात डर्बनच्या एका चर्चमध्ये अँड्र्यूज यांचे प्रवचन होते. ते ऐकावयास गांधीजी गेले. वर्णावरून त्यांना दारातूनच परत पाठविण्यात आले. आत ख्रिस्ताच्या प्रीतीची घोषणा चालू होती. हे कळले तेव्हा अँड्र्यूज यांना झालेली वेदना आयुष्यभर शमली नाही. वाचकहो, हा प्रसंग दूरच्या देशातील म्हणून बाजूला सारू नका. आपल्या मंडळीच्या दारातून जातीमुळे, भाषेमुळे, फाटक्या कपड्यांमुळे कोणी परत तर गेले नाही ना, हे ज्याचे त्याने तपासावे.

जनरल स्मट्स आणि गांधीजी यांच्यातील वाटाघाटींत अँड्र्यूज दुवा ठरले. समझोत्यातील एका शब्दयोजनेवर गाडे अडले, तेव्हा उभयतांना मान्य होईल असा पर्याय त्यांनी सुचविला आणि प्राथमिक करार झाला. त्यातून त्याच वर्षी तीन पौंडांचा जाचक कर रद्द झाला व भारतीय पद्धतीच्या विवाहांना मान्यता मिळाली. पण याच दिवसांत इंग्लंडमध्ये त्यांची आई वारली. ती शेवटच्या आजारात असताना ते परक्यांच्या न्यायासाठी समुद्रापार होते. तेथील भारतीय स्त्रियांनी त्यांना मायेने जवळ केले, आणि भारत हीच आता आपली आई, असे त्यांच्या मनाने घेतले.

पाठीवरचे वळ

डर्बनमध्ये एक तमिळ मजूर गांधीजींकडे आश्रयाला आला होता. मळ्यावरून तो पळून आला होता आणि त्याच्या पाठीवर फटक्यांचे वळ होते. अँड्र्यूज जवळ येताच, आणखी एक गोरा मारावयास आला या भीतीने तो अंग चोरून बसला. ती भेदरलेली नजर त्यांना विसरता येईना. दिल्लीचे काम सोडून ते १९१४ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनात राहावयास गेले होते. १९१५ मध्ये तेथे त्यांना कॉलरा झाला. त्यातून ते मरता मरता वाचले. विश्रांती घेत असताना त्या मजुराचा चेहरा त्यांच्यापुढे उभा राहिला, आणि पाहता पाहता त्या चेहऱ्याच्या जागी प्रभू येशूचा चेहरा दिसू लागला. आपल्याला कोठे जावयाचे आहे, ते त्यांना कळले.

फिजी बेटांत १८७९ पासून सुमारे साठ हजार भारतीय मजूर पाच वर्षांच्या करारावर नेले गेले होते. त्या कराराला मजूर गिरमिट म्हणत. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया, असे प्रमाण सरकारने ठरविलेले होते. त्यातून कुटुंबे मोडली, खून झाले, आत्महत्या वाढल्या. प्रकृती पुरती सुधारण्यापूर्वीच अँड्र्यूज पिअर्सनसह तेथे गेले, मजुरांच्या कोठड्यांत फिरले, मळेवाल्यांशीही बोलले आणि १९१६ मध्ये त्यांनी आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी ही पद्धत बंद करण्याचे तत्त्वतः मान्य केले. तरी काम पुरे झाले नव्हते. अँड्र्यूज १९१७ मध्ये पुन्हा फिजीस गेले. १ जानेवारी १९२० रोजी तेथील उरलेल्या साऱ्या मजुरांचे करार रद्द होऊन ते मोकळे झाले.

पंजाबची जखम

एप्रिल १९१९ मध्ये अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबार झाला आणि पंजाबात लष्करी कायदा पुकारला गेला. अँड्र्यूज तिकडे निघाले, तेव्हा त्यांना अमृतसरच्या स्थानकावर अटक करून परत पाठविण्यात आले. काही महिन्यांनी परवानगी मिळताच ते गावोगाव फिरले. ज्यांना फटके मारले गेले होते, ज्यांची माणसे गेली होती, त्यांच्या दारी जाऊन त्यांनी आपल्या जातभाईंच्या कृत्याबद्दल क्षमा मागितली. फटक्यांचा अपमान सोसलेल्या एका शीख गृहस्थापुढे तर ते वाकून त्याच्या पायांशी नम्र झाले. त्यांच्या स्वतःच्या हातून काहीच घडले नव्हते. गोळी त्यांनी झाडली नव्हती, हुकूम त्यांनी दिला नव्हता. तरी ज्या समाजाचे आपण, त्याचे पाप आपलेही, असे त्यांनी मानले. पंजाब सोडताना त्यांनी लोकांना सूडाची वाट न धरण्याची विनंती केली. ती विनंती करण्याचा अधिकार त्यांना मिळाला होता, कारण आधी त्यांनी क्षमा मागितली होती.

ज्याला घाव बसला आहे त्याला क्षमा कर म्हणून सांगणे फार सोपे आहे. आपण मध्यस्थ म्हणून जातो, तेव्हा बहुधा हेच करतो. अँड्र्यूज यांचा क्रम वेगळा होता. प्रथम घाव पाहावा, तो धुवावा, आपल्या बाजूची चूक मान्य करावी. क्षमेची गोष्ट त्यानंतर. १९२१ मध्ये आसामच्या चहामळ्यांतून निघालेले हजारो मजूर चांदपूरला अडकून पडले, गुरखा शिपायांनी रात्री त्यांना झोडपून काढले आणि त्यांच्यात कॉलरा पसरला. तेव्हाही अँड्र्यूज तेथे धावले आणि रोग्यांच्या शुश्रूषेत राहिले. ज्या रोगाने मित्र नेला आणि स्वतःलाही मृत्यूच्या दारी नेऊन ठेवले, त्याच रोगाच्या साथीत ते पुन्हा उभे राहिले.

दिल्लीतील एकवीस दिवस

सप्टेंबर १९२४ मध्ये सरहद्दीवरील कोहाट येथे भीषण दंगल झाली. देशात ठिकठिकाणी हिंदू-मुसलमानांचे रक्त सांडत होते; दिल्लीतही त्याच वर्षी दंगा होऊन गेला होता. गांधीजींनी दिल्लीत मौलाना महंमद अली यांच्या घरी एकवीस दिवसांचा उपवास आरंभला. पुढे त्यांना शहराबाहेर टेकडीजवळच्या दिलखुश या बंगल्यात हलविण्यात आले. अँड्र्यूज धावून आले. दाराशी येणाऱ्यांना थोपविणे, रुग्णाची काळजी घेणे आणि त्याच वेळी ‘यंग इंडिया’ साप्ताहिकाचे संपादन करणे, हे सारे त्यांनी सांभाळले. त्याच सुमारास दिल्लीत सर्व धर्मांच्या पुढाऱ्यांची ऐक्य परिषद भरली. तिला आलेल्यांत कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकट होते. चोवीस वर्षांपूर्वी दिल्लीत वारलेल्या बेझिलचे ते बंधू.

८ ऑक्टोबर रोजी उपवास सुटला. त्या वेळी इमामसाहेबांनी कुराणातील आरंभीच्या आयती म्हटल्या, अँड्र्यूज यांनी ख्रिस्ताच्या वधस्तंभाचे चिंतन करणारे आयझॅक वॉट्स यांचे गीत गाइले, आपल्या महाराष्ट्राच्या विनोबांनी उपनिषदांतील मंत्र म्हटले आणि त्यांचे बंधू बाळकोबा यांनी वैष्णव भजन गाइले. अँड्र्यूज यांनी तेथे आपली श्रद्धा लपविली नाही की पातळ केली नाही. वधस्तंभाचेच गीत त्यांनी गाइले, आणि ते सर्वांनी आदराने ऐकले. इतरांशी सलोखा ठेवावयाचा तर आपला विश्वास खुंटीला टांगून ठेवावा लागतो, असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

या शांतीने त्या दिवशी भारत जिंकला, असे मात्र समजू नका. दंगली पुन्हा झाल्या. दोन वर्षांनी, डिसेंबर १९२६ मध्ये, अँड्र्यूज यांचे परमस्नेही स्वामी श्रद्धानंद यांची दिल्लीतच हत्या झाली. तरी अँड्र्यूज थांबले नाहीत. यश येईल तेव्हाच शांतीचे काम करावयाचे, अशी अट प्रभूने आपल्या शिष्यांना घातलेली नाही.

किंमत

या जीवनाची किंमत त्यांना मोजावी लागली. कित्येक इंग्रजांनी त्यांना घरभेद्या ठरविले, तर काही भारतीयांना हा गोरा सरकारचा हेर असावा, असा संशय येई. मित्रांशीही त्यांचे नेहमी पटले असे नाही. १९१८ मध्ये महायुद्धासाठी सैन्यभरती करण्याची गांधीजींची भूमिका त्यांना रुचली नाही. १९२१ मधील परदेशी कापडाच्या होळ्यांनाही त्यांनी स्पष्ट विरोध केला, कारण त्या ज्वाळांत त्यांना द्वेषाची धग जाणवली. हे त्यांनी गांधीजींना तोंडावर सांगितले आणि मैत्री तसूभरही कमी झाली नाही. खरी शांती आणि गोडगोड बोलणे यांतील अंतर येथे दिसून येते.

मंडळीच्या काही मतसूत्रांविषयी मनात प्रश्न उठल्याने त्यांनी धर्मगुरूचे काम अनेक वर्षे बाजूला ठेवले होते. १९३६ मध्ये ते पुन्हा त्या सेवेकडे वळले. ख्रिस्तावरील त्यांचे प्रेम मात्र कधी ढळले नाही. त्यांना घर नव्हते, संसार नव्हता, अंगावरचे कपडेही बहुधा कोणीतरी दिलेले असत. त्यांच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्यांना ख्रिस्ताचा विश्वासू प्रेषित म्हणत. ५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्याच्या रुग्णालयात ते प्रभूच्या विसाव्यात गेले, आणि लोअर सर्क्युलर रोडच्या दफनभूमीत त्यांचा देह विसावला.

आपल्यासाठी

प्रिय वाचकहो, फिजी किंवा पंजाब आपल्या वाट्याला कदाचित येणार नाही. परंतु वडिलोपार्जित जमिनीवरून अबोला धरलेले भाऊ आपल्याच घरात आहेत. निवडणुकीनंतर एकमेकांशेजारी न बसणारे सभासद आपल्याच मंडळीत आहेत. ज्याच्या सणाला आपण कधी गेलो नाही, असा शेजारी भिंतीपलीकडेच राहतो. तेथे शांती व्हावी अशी प्रार्थना आपण करतो, आणि दुसऱ्याने पहिले पाऊल टाकावे म्हणून वाट पाहतो.

दीनबंधूंचे चरित्र आपल्याला ते पहिले पाऊल दाखविते. ज्याला आपल्या माणसांकडून दुखापत झाली आहे, त्याच्या दारी आपण जावे. आपली खुर्ची, आपला मान आणि आपण बरोबर होतो हा हट्ट, ही तिन्ही दाराबाहेर ठेवावीत. बोलण्यापूर्वी ऐकावे, सल्ल्यापूर्वी क्षमा मागावी. आपला तारणारा असाच आपल्या दारी आला, आणि त्यानेही शिष्यांचे पाय धुतले.

या आठवड्यात असे एक दार तुमच्या डोळ्यांपुढे येत असेल. येत्या रविवारच्या उपासनेपूर्वी तेथे जाऊन या. ते उघडण्याची शक्ती देणारा प्रभू तुमच्याआधी तेथे पोहोचलेला असेल.